मोकळी केली

आमच्या बोलीत केस विंचरण्याला आणि बायकोला तलाक देऊन मोकळं करण्याला एकच शब्द आहे, आणि त्या शब्दानं रौहिय्याच्या संसाराचं वाटोळं केलं असं गाव म्हणतं. गावाला काय, बोलायला पैसे पडत नाहीत! शब्द बिचारा काय करणार?

अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून तिचा उजवा हात लुळा पडला होता आणि जीभ जड झाली होती. ती बोलायला लागली की लोकांना नुसते आवाज ऐकू यायचे. कळायचं ते एकट्या मुतवल्लीला, तिच्या नवऱ्याला. कालव्यावरचे पंप दुरुस्त करणारा माणूस तो, नखांत कायम काळं ग्रीस. पण रोज सकाळी हात साबणानं घासून तो तिला अंगणात पुढ्यात बसवायचा आणि तिचे केस विंचरायचा. गाव त्याला 'बायकोचा न्हावी' म्हणायचं. म्हणेनात का! रौहिय्याला दिवसभरात तेवढाच वेळ आपण अजून कुणाच्या तरी आहोत असं वाटायचं.

त्या सकाळी शेवटचा गुंता सुटला, तशी फणी खाली ठेवत मुतवल्ली म्हणाला, "झालं. मोकळी केली तुला."

भट्टीपाशी भाकरी शेकणारी त्याची विधवा बहीण इन्शिराह ताडकन उठली. "अरे, काय बोललास हे?"

"विंचरून झालं म्हटलं."

"मोकळी केली म्हणालास! तुला म्हणालास! जिभेला काही हाड? ही तिसरी वेळ आहे, ठाऊक आहे ना?"

ठाऊक कसं नसेल? तरुणपणी भांडणाच्या भरात त्यानं तिला दोनदा तलाक दिला होता आणि दोन्ही वेळा आपणहून परत नांदवली होती. तिसऱ्यांदा परतीची वाट नसते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. इन्शिराह मनानं वाईट नव्हती. पण नरकाची भीती तिला माणसांच्या मायेपेक्षा मोठी. दुपारच्या नमाजानंतर ती दोघांना निवाडा विचारायला गावच्या शेख दसूकींच्या बैठकीत घेऊन गेली.

शेखसाहेबांनी सगळं ऐकलं आणि चहा सांडेपर्यंत हसले. "बाई, तू म्हणतेस ते खरं आहे. आपल्या किताबांत हा शब्द सरीह, म्हणजे उघडा. उघडा शब्द तोंडातून पडला की मनात काय होतं ते विचारत नाहीत, तो लागतो. आडवळणाचा असला तरच मन विचारायचं. पण ह्याच्या हातात फणी होती ना! फणीवाल्याचा शब्द केसांनाच लागणार. जा घरी, मुलुखिय्याची भाजी निवत असेल."

रौहिय्याचा जीव भांड्यात पडला. डाव्या हातानं भिंत धरून ती उठलीसुद्धा. मुतवल्ली मात्र बसूनच राहिला.

"काय रे, उठायचं नाही का?"

"मौलाना, फणी होती हातात," तो चटईकडे बघत म्हणाला. "पण मी केसांबद्दल बोललो नाही."

शेखसाहेबांचा चेहरा उतरला. "दमला असशील बाळा. नीट आठव. नुसता संशय असेल तरी निकाह टिकतो. संशय आहे, एवढंच म्हण."

"संशय नाही. किती दिवस मनात घोळत होतं. तोंडावर सांगायची छाती होत नव्हती. म्हटलं, केसांच्या आडून निघून जाईल."

रौहिय्याला वाटलं, मेल्या, भांडून तरी बोलायचं होतंस! आधी दोन्ही वेळा तो ओरडला होता, तीही ओरडली होती. रागाला तिच्याकडे उत्तर होतं. ह्या थकलेल्या, हळू आवाजाला कुठून आणायचं?

"अल्लाह तुला माफ करो," शेखसाहेब म्हणाले. "मग झाला तलाक."

तेव्हा ती बोलली. सगळा जीव जिभेवर आणून बोलली, "मी शिकते. डाव्या हातानं विंचरायला शिकते. तू नको करूस काही. नुसता घरात राहा."

बैठकीत नुसते आवाज घुमले. "काय म्हणतेय ती?" शेखसाहेबांनी विचारलं.

मुतवल्लीनं तिच्याकडे पाहिलं. तिचं एक अक्षरही त्याच्या कानांतून सुटलं नव्हतं, हे तिला त्याच्या डोळ्यांत दिसलं.

"पाणी मागतेय," तो म्हणाला.

इन्शिराहनं लगबगीनं पाणी आणून तिच्या ओठांना लावलं. अर्धं हनुवटीवरून ओघळलं, तसा मुतवल्लीचा हात सवयीनं रुमाल घेऊन पुढे झाला.

"नाही, मुतवल्ली," शेखसाहेब म्हणाले. "आता ती तुला परकी."

त्यानं हात मागे घेतला. रौहिय्यानं तेच सगळं पुन्हा एकदा म्हटलं, आधीपेक्षा मोठ्यानं. ती काय म्हणतेय, हे ह्या वेळी कुणीच विचारलं नाही.