चार-शून्य, स्वल्पविराम

शनिवारी दुपारी फुटबॉल क्लबचा संघ घरच्या मैदानावर चार-शून्यने जिंकला, आणि रविवारी सकाळी आठ वाजता निरोपांच्या यंत्रावर पंचवीसचा आकडा लुकलुकत होता. हरल्यावर सात-आठच निरोप येतात. हरलेला माणूस रस्त्यात ओरडतो, बायकोवर ओरडतो, बसच्या ड्रायव्हरवर ओरडतो. फोन करण्याइतका उत्साह त्याच्यात उरत नाही. जिंकल्यावर मात्र ज्याला त्याला वाटतं, आपण घसा फोडला म्हणूनच गोल झाला.

क्लबचं चार पानी साप्ताहिक सोमवारी निघायचं. त्याच्या तिसऱ्या पानावर ‘प्रेक्षकांचा कौल’. सामना झाला की लोकांनी क्लबच्या नंबरावर फोन करून तीन मिनिटांत काय ते बोलायचं, आणि रविवारी सकाळी क्लबच्या ऑफिसात बसून तिने ते ऐकून टाईप करायचं. एक निरोप उतरवून झाला की पुसायचा, मग पुढचा घ्यायचा. यंत्र जुनं होतं, तीसच्या वर निरोप त्यात मावत नसत. अकरा वर्षं ती हे करत होती. पुसायच्या बटणावर तिचं बोट आता न सांगता जायचं, अंधारात जिना उतरताना पाय पायरीवर पडतो तसं.

संपादकांना सगळे कीपर म्हणत. तरुणपणी ते याच संघाचे राखीव गोलकीपर होते आणि सात वर्षांत एकदाही मैदानात उतरले नव्हते. पुसता न येणारा हा डाग त्यांनी विनोदानेच झाकलेला होता. आज ते दारातूनच म्हणाले, “मास्तरीणबाई, आज लग्नाचं पान आहे हं. नवरीची खोड काढायची नाही.”

“अकरा वर्षं ऐकतेय मी हे.”

“तरी सांगतो. जिंकल्यावर कुरकुर छापायची नाही. एक वाजता पान हवंय.” आणि ते पुढच्या खोलीत फोटो निवडायला गेले.

हा नियम एकाच माणसाच्या आड येत असे. तिच्या वडिलांच्या.

बाबांनी चौतीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवला होता. बाराबारा यंत्रांच्या दोन रांगा, आणि मधून हात मागे बांधून फिरणारे बाबा. मजकूर सांगताना ते विरामचिन्हंही सांगत आणि एखादी मुलगी मागे पडली की शेवटचे दोन शब्द पुन्हा म्हणून तिची वाट बघत. कोणावर चिडत नसत. हळूहळू ती सवय त्यांच्या बोलण्यातच शिरली. “आमटी चांगली झालीय, स्वल्पविराम, मीठ मात्र विसरलीस, पूर्णविराम.” निवृत्त झाल्यावर त्यांना दोनच गोष्टी उरल्या, मुलगी आणि पूर्व स्टँडमधली सोळावी रांग. रात्र मधे गेल्याशिवाय मत देऊ नये असं त्यांचं म्हणणं, म्हणून त्यांचा फोन रविवारी सकाळी यायचा. ती ऑफिसात पोचून कामाला बसली, तासभर झाला, की बरोबर नऊ दहाला.

“नमस्कार बाई. पूर्व स्टँड, रांग सोळा.”

बाई. तुम्ही. घरचं नातं घरी, असा त्यांचा कायदा होता. आणि मग तीन मिनिटं कुरकुर. संघ पाच गोलांनी जिंकलेला असो की हरलेला. ती पहिलं वाक्य ऐकायची, हसायची, आणि पुसून टाकायची. दुपारी घरी गेल्यावर त्यांनी कधी विचारलं नाही, तिने कधी सांगितलं नाही. सोमवारी ते तिसरं पान नीट वाचून घडी करून ठेवत.

दीड महिन्यापूर्वीच्या रविवारीही तिने पहिलं वाक्य ऐकलं होतं. “काल आपण हरलो, स्वल्पविराम, आणि हरण्यासारखेच खेळलो.” बोट बटणावर गेलं. निरोप पुसला गेला. दोन वाजता ती घरी पोचली तेव्हा बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत होते आणि फोन त्यांच्या मांडीवर होता. डॉक्टर म्हणाले, दहाच्या सुमारास गेले असावेत.

नऊ दहाला फोन आणि दहाला मृत्यू. ऑफिस ते घर बारा मिनिटं. त्या निरोपात पुढे काय होतं? त्यांनी तिला बोलावलं होतं का? एवढा एकच प्रश्न तिच्याजवळ उरला होता. तो तिने दादालाही सांगितला नव्हता. दादा परगावाहून रोज फोन करून विचारायचा, “जेवलीस का गं?” आणि ती रोज म्हणायची, “हो.”

तिने कानाला हेडफोन लावले आणि कामाला सुरुवात केली.

पहिला टॅक्सीवाला होता, दर आठवड्याचा. “काय खेळ, काय खेळ! पाहुण्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही आपल्या पोरांनी! दुसऱ्या गोलाला मी उडी मारली ती पुढच्याच्या टोपीवरच उतरलो. एक गंमत सांगतो. माझ्या शेजारी एक काका बसले होते. म्हणाले, चार गोल झाले म्हणून बचाव चांगला ठरत नाही. आणि चक्क ‘स्वल्पविराम’ म्हणाले हो! बोलताना! मी म्हटलं, काका, गोल मोजा, विरामचिन्हं कसली मोजताय?”

तिचे हात थांबले. मग तिने स्वतःला समजावलं. गावात तीन हजार मुली आणि मुलगे बाबांकडे टायपिंग शिकलेत. एखाद्याला खोड लागली असेल. तिने काका वगळून मजकूर उतरवला. पुसला.

दुसरा, तिसरा, चौथा. आनंदीआनंद. एका नर्सने ड्यूटीवर रेडिओ ऐकत पेशंटला चुकून दोनदा थर्मामीटर लावला. एका जावयाने सासऱ्याशी तीन वर्षांनी बोलणं सुरू केलं, तिसऱ्या गोलानंतर. पाचवी बाई बेकरीत काम करणारी, पश्चिम स्टँडमधली.

“आम्ही मैत्रिणी नाचून नाचून दमलो. मागे एक म्हातारबा होते, ते काही उठले नाहीत. मी म्हटलं, आजोबा, जिंकतोय आपण! तर म्हणाले, कारण हाफटाइमनंतर कोणी मागे धावतच नव्हतं. इतकं हळू आणि स्पष्ट, जसं काही मला लिहून घ्यायचंय. आणि मी बघत बसले म्हणून तेच शेवटचे शब्द परत म्हणाले. धावतच नव्हतं. अंगावर काटा आला बाई. का ते माहीत नाही. चांगलेच होते हो ते.”

चार गोल झाले म्हणून बचाव चांगला ठरत नाही, स्वल्पविराम, कारण हाफटाइमनंतर कोणी मागे धावतच नव्हतं.

टॅक्सीवाला उत्तर स्टँडमध्ये बसतो. बेकरीवाली पश्चिमेला.

तिने उठून खिडकी लावून घेतली. थंडी नव्हती. खाली रस्त्यावरून गळ्यात संघाचे मफलर घातलेली माणसं रविवारचा पाव घेऊन चालली होती, आणि एकमेकांना चार बोटं दाखवत होती.

नववा निरोप दक्षिण स्टँडच्या सुताराचा. अकरावा शाळेच्या शिपायाचा. चौदावा एका माणसाचा, जो मैदानात गेलाच नव्हता, दुकानाबाहेर उभं राहून टीव्हीवर सामना बघत होता. प्रत्येक जण आधी खिदळायचा, मग आवाज जरा खाली घ्यायचा आणि म्हणायचा, शेजारी एक गृहस्थ होते. कोट घातलेले, वरपर्यंत बटणं लावलेली. ‘पेनल्टी नव्हतीच, रेफरीचा उपकार होता’ असं म्हणाले. ‘चौथा गोल त्यांच्या चुकीने, आपल्या अकलेने नव्हे’ असं म्हणाले. एकाचं वाक्य जिथे संपायचं तिथून दुसऱ्याचं सुरू व्हायचं. ती वेगळ्या कागदावर पेनाने लिहीत गेली आणि वाक्याला वाक्य जुळत गेलं. पण सगळी कुरकुर कालच्या जिंकलेल्या सामन्याची होती. तिच्या प्रश्नाचं त्यात काही नव्हतं.

पंचविसावा निरोप फुलवाल्या बाईचा. “जिंकलो, छान झालं. एक विचारू का? ते सोळाव्या रांगेतले सर हल्ली कसे असतात? काल सामना संपल्यावर गर्दी बाहेर पडत होती आणि ते आतच बसून राहिले. मी म्हटलं, चला सर, गेट बंद होतंय. तर म्हणाले, माझं मत उद्या. रात्र मधे जाऊ दे.”

आकडा शून्यावर आला. भिंतीवरच्या घड्याळात नऊ वाजून नऊ मिनिटं झाली होती. तिने हेडफोन काढले नाहीत. पुढच्या खोलीत कीपर कोणाला तरी सांगत होते, “अहो, असा निवांत सामना मी बाकावर बसूनसुद्धा बघितला नाही!”

यंत्राचा दिवा लागला. आकडा एक झाला.

निरोप पुरा होईपर्यंत, म्हणजे तीन मिनिटं, दिवा जळत राहिला. मग तिने ऐकायचं बटण दाबलं.

“नमस्कार बाई. पूर्व स्टँड, रांग सोळा. काल आपण हरलो, स्वल्पविराम, आणि हरण्यासारखेच खेळलो.”

काल आपण जिंकलो होतो. हा कालच्या सामन्याचा निरोप नव्हता. दीड महिन्यापूर्वी तिने पुसला होता तोच हा होता, तोच खोकला, पाठीमागे घरातल्या नळाचं तेच ठिबकणं. आणि तिचं बोट पुसायच्या बटणाकडे निघालं होतं. तिने ते दुसऱ्या हाताने धरून खाली घेतलं.

“हरण्यासारखेच खेळलो,” बाबा पुन्हा म्हणाले.

ते थांबले होते. तिला कळायला क्षणभर लागला. तिने टाईप केलं, हरण्यासारखेच खेळलो, पूर्णविराम, आणि आवाज पुढे सरकला.

“मिडफिल्डमध्ये तिघे होते, स्वल्पविराम, पण एकमेकांना ओळखत नसल्यासारखे.”

तिने टाईप केलं. ती अडखळली की बाबा अडखळत, ती चूक खोडायला मागे गेली की ते शब्द पुन्हा म्हणत, न चिडता. तीन मिनिटांचा निरोप केव्हाच संपायला हवा होता. कॉर्नर झाले, थ्रो झाले, नव्या पोराची घाई झाली. घड्याळ नऊ तेहतीस दाखवत होतं.

“नवीन परिच्छेद,” बाबा म्हणाले. तिने नवीन परिच्छेद घेतला.

“तुम्ही इथपर्यंत ऐकत नाही हे मला ठाऊक आहे बाई, म्हणून मनमोकळं बोलतो. आज थोडक्यात आटोपतो. पहाटेपासून डावा हात जड झालाय, फोन उजव्यात घेतलाय. शेजारी कोणाला उठवत नाही. रविवार आहे, झोपू दे. तुम्ही काम सोडून धावत यायचं काही कारण नाही. पण आलात तर,” आणि ते थांबले.

“पण आलात तर,” ते पुन्हा म्हणाले.

तिच्या बोटांनी ते तीन शब्द टाईप केले नाहीत. ती टाईप करीत नव्हती तोवर बाबा तिकडे थांबलेले होते. श्वास ऐकू येत होता, आखूड, मधे मधे अडकणारा. हेडफोन असेच कानावर ठेवले तर ते असेच थांबून राहतील, हे तिला अगदी नीट कळलं. दुपारपर्यंत. पुढच्या रविवारपर्यंतसुद्धा. चौतीस वर्षांत त्यांनी मागे पडलेल्या एकाही मुलीला सोडून पुढचं वाक्य घेतलं नव्हतं.

नऊ छत्तीस. तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि किल्ल्या उचलल्या.

“अगं, पान?” कीपर ओरडले.

“घरी जाऊन येते.”

“आत्ता? काय झालं?”

“बाबांना बरं नाहीये.”

कीपरांच्या हातातले फोटो तसेच राहिले. तेरवीच्या दिवशी ते तिच्या घरी येऊन गेले होते. ते काही बोलायच्या आत ती जिना उतरलेली होती.

रस्ता आनंदाने भरलेला होता. कोणीतरी तिच्या तोंडासमोर चार बोटं नाचवली. चपलेचा पट्टा तुटला, तेव्हा तिने दोन्ही चपला तिथेच सोडल्या. दीड महिना झाला हे तिला माहीत होतं, एक क्षणही ती विसरलेली नव्हती. आपण वेडेपणा करतोय हेही ठाऊक होतं. तरी ती धावली, कारण निरोप मिळाला होता.

घर तिने सकाळी सोडलं होतं तसंच होतं. नळ ठिबकत होता. खिडकीजवळची खुर्ची रिकामी, तिच्यावर ऊन. घड्याळात नऊ सत्तेचाळीस.

“आले,” ती म्हणाली. धाप लागल्यामुळे दुसरं काही म्हणता आलं नाही.

ती खुर्चीच्या डाव्या बाजूला जमिनीवर बसली आणि तिने तळहात वर करून खुर्चीच्या हातावर ठेवला. आधी काही झालं नाही. लाकूड गार होतं. मग तळहातावर थोडं वजन आलं, पुस्तक ठेवावं इतकं, मग आणखी. बोटं दबली. मनगट लाकडात रुतलं. दुखत होतं, पण तिने हात काढला नाही. तिने बोटं हळूच मिटली आणि ती पुरती मिटली नाहीत; मधे काहीतरी होतं.

ती बोलायला लागली. मी पहिलं वाक्य तेवढं ऐकत होते, बाबा, हे आधी सांगितलं. मग बाकीचं. बोलता बोलता दहा वाजले, दहा वाजून पाच झाले. कपाटावरचा फोन वाजायला लागला, कीपर असणार, किंवा दादा. तो वाजून वाजून थांबला. वजन अजून तळहातावर होतं, आणि तिला उठायची घाई नव्हती.