जिप्समच्या भिंतीसाठी हॅमर ड्रिल

भिंत कसली आहे?

दुकानदाराचा प्रश्न साधा होता. दातांचे निवृत्त डॉक्टर घसा साफ करून म्हणाले, "काँक्रीटची."

"काँक्रीट कुठलं?" बायको म्हणाली. "जिप्समचं पार्टिशन आहे. पलीकडे कुणी शिंकलं तरी इकडे ऐकू येतं."

"तुला त्यातलं काय कळतं?"

"शिंक कळते."

भोक केवढं पाडायचंय?

एवढंसंच. तिच्या रेडिओसाठी एक फळी लावायची होती. दुकानदाराने साधं ड्रिल पुढे सरकवलं. "काका, जिप्समला हेच. हलकं आहे, गुमान चालतं. हॅमर ड्रिलने अख्खा हात थरथरतो."

डॉक्टरांना नेमकं तेच हवं होतं.

दवाखाना बंद करताना त्यांनी सगळ्यांना पाठीचं कारण सांगितलं होतं. पाठ ठणठणीत होती. थरथरत होता तो उजवा हात, आणि ही गोष्ट जगात दोघांनाच ठाऊक होती: त्यांना आणि त्या हाताला. गुमान चालणाऱ्या ड्रिलवर तो बायकोदेखत उघडा पडला असता. हॅमर ड्रिल धरलं की पैलवानाचाही हात थरथरतो, मग कोण कुणाला बोलणार?

"हॅमरच द्या. घ्यायचं तर दमदार."

"दात काढतानाही असाच दम दाखवायचात वाटतं," बायको म्हणाली.

चालवणार कोण?

हे दुकानदाराने विचारलं नाही. बायकोने विचारलं, घरी, खोकं उघडता उघडता. "मी चालवू का? तुमची पाठ..."

"पाठीचं मी बघतो."

त्यांनी बिटाचं टोक पेन्सिलीच्या खुणेवर टेकवलं आणि खटका दाबला. आवाज अगदीच गरीब निघाला. हॅमरसाठी मशीनवरची पट्टी सरकवावी लागते, हे माहितीपत्रकात लिहिलं होतं. आणि माहितीपत्रक वाचणं त्यांना कमीपणाचं वाटे. मशीन साध्यावरच होतं. ते शहाण्यासारखं गुळगुळीत फिरत होतं, आणि टोक खुणेभोवती वेड्यासारखं नाचत होतं.



बायको जवळ आली. हाताकडे तिने पाहिलंच नाही. पट्टी तेवढी हॅमरवर सरकवली.

"आता चालवा. साध्याने नाही व्हायचं. भिंत कडक आहे हो, तुमचंच खरं."

धडधड सुरू झाली. जिप्समचा भुगा दोघांच्या केसांत उडाला. धडधड थांबली तेव्हा भिंतीत मूठ जाईल एवढं भगदाड होतं.

आणखी काही?

"इथे आरसा ठेवू," ती म्हणाली. "उभा, मोठा."

"तो कशावर टांगायचा?"

"टांगायचा कशाला? टेकवून ठेवू." फळीचं नाव तिने काढलं नाही.

मग तिने चहा आणला. त्यांचा कप नेहमीसारखा अर्धाच. दवाखाना बंद झाल्यापासून ही बाई दुधाच्या बाबतीत चिकट झाली आहे, असं डॉक्टरांचं पक्कं मत होतं. आज त्यांनी कपाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग उचलला. बशीत थेंबही सांडला नाही.

"तुझा कप मात्र काठोकाठ," ते म्हणाले.

"मला चहा जास्त लागतो," ती म्हणाली.