कागदाचा गोल

मुख्याध्यापकांनी शाळेचं मैदान गाड्या उभ्या करायला द्यायचं ठरवलं, तेव्हा कारण तयारच होतं. मैदान कसलं, उकिरडा आहे नुसता, म्हणाले. बोलणं अगदीच खोटं नव्हतं. तिथे बाटल्या नि कागद एवढे साचले होते की माझ्या नातीने एकदा बॉल समजून कचऱ्याचा गोळा अडवला. खरा बॉल पुढच्या आठवड्यात सापडला, तर त्यात चिमणीने संसार थाटलेला. पटत नसेल तर चिमणीला विचारा.

खेळाच्या बाई मात्र इरेला पेटल्या. सत्र संपेपर्यंत थांबा, त्यांनी सरांना सांगितलं, शेवटच्या सामन्याला मैदान घाण दिसलं तर खुशाल गाड्या लावा. आणि त्यांनी फुटबॉलचा नियमच बदलला. ज्या संघाच्या बाजूला कचरा जमिनीला टेकेल, त्या संघावर एक गोल. कोणी टाकला, हे विचारायचं नाही.

पोरांनी आधी नाकं मुरडली. पण हरायला कोणाला आवडतं? प्रेक्षकात कोणी बिस्किटांचा पुडा फोडला की दोन्हीकडचे खेळाडू त्याच्यापुढे ओंजळ धरून उभे. कावळेसुद्धा असे धास्तावले की मैदानावरून जाताना चोचीतला कागद गिळून टाकत. मी कुंपणापाशी बसून पाहिलंय.

माझी नात गोलकीपर. सगळे तिला ‘भिंत’ म्हणत. घरी तिची आई पोळी वाढायची, तीही ही झेप घेऊन पकडायची.

शेवटच्या सामन्याला सर आले ते ठेकेदाराला घेऊनच. त्याच्या हातात मोजपट्टी. मैदान आरशासारखं लख्ख, तरी तो खुंट्या कुठे ठोकायच्या ते बघत होता. बाईंनी तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. शिट्टी दातात घट्ट.

बरोबरी चालू होती. वेळ संपत आली, तेव्हा सरांनी पेपरमिंटची गोळी सोलली आणि सवयीने कागद सोडून दिला. वाऱ्याने तो थेट आमच्या गोलाकडे आणला. नेमकी त्याच क्षणी समोरच्या पोरीने लाथ मारली. बॉल उजवीकडे, कागद डावीकडे.

भिंत डावीकडे झेपावली.

बॉल जाळीत गेला. बाईंनी शिट्टी फुंकली: गोल, सामना संपला. कॅप्टन डोकं धरून खाली बसली. कागद टेकला असता तरी गोलच होता, मग निदान बॉल तरी अडवायचास, असं ती कितीतरी वेळ पुटपुटत होती.

नात धूळ झटकत सरांपुढे गेली. मूठ उघडून म्हणाली, “सर, तुमचा आहे.”

“अगं, त्यापायी हरलात ना तुम्ही?”

“हरले तर पुढच्या वेळी जिंकेन. मैदानच गेलं तर उभी कुठे राहू?”

सरांनी कागद घेतला. इकडे तिकडे पाहिलं नि मुकाट्याने खिशात घातला. ठेकेदाराला म्हणाले, पट्टी गुंडाळा.

आता सर एकही सामना चुकवत नाहीत. पेपरमिंट मात्र कागदासकट खातात.