बारांत एक

“बारांत एक,” मॅडम म्हणाल्या आणि खडू टेबलावर ठेवून वर्गाकडे वळल्या.

वर्गात कुजबुज सुरू झाली. ती दरवर्षीच होई. पहिल्या वर्षाला संभाव्यता शिकवताना मॅडम हे उदाहरण हमखास घेत. हजार माणसांत दहा आजारी. तपासणी त्यातल्या नऊ जणांना बरोबर पकडते. पण उरलेल्या नऊशे नव्वद धडधाकट माणसांपैकी नव्व्याण्णव जणांनाही उगीचच आजारी ठरवते. म्हणजे तपासणीने ‘आजारी’ म्हटलेली माणसं एकशे आठ, आणि त्यांत खरे आजारी फक्त नऊ. बारांत एक.

एरवी या विषयात फासे, नाणी आणि पिशवीतले रंगीत चेंडू. मुलं जांभया देत. हे उदाहरण आलं की मात्र सगळ्यांचे डोळे फळ्यावर खिळत आणि मॅडमना आज आपण खरंच काही शिकवलं असं वाटे. मुलं त्यांना पाठीमागे ‘सरासरी मॅडम’ म्हणत, कारण परीक्षा अवघड आहे का विचारलं तरी त्या “साधारणपणे” पासूनच सुरुवात करत. त्यांना हे ठाऊक होतं. त्याचं वाईटही वाटत नव्हतं.

तास संपल्यावर जिन्यात कोणीतरी मागून धावत आलं. दुसऱ्या बाकावरची चष्मेवाली. तिची आई चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करते, एवढं मॅडमना माहीत होतं.

“मॅडम, एक विचारू? समजा, खरंच कोणाचा रिपोर्ट असा आला, तर घाबरायचं कारण नाही ना?”

मॅडमच्या काखेत उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता आणि खाली मीटिंग सुरू झाली होती. मुलीचा एक हात पिशवीत होता, कशावर तरी घट्ट मिटलेला. मॅडमनी तो पाहिला.

“अगं, आत्ताच केलं ना आपण? बारांतले अकरा जण ठणठणीत असतात. लोक उगीच हाय खातात.”

“म्हणजे गणितानं तसंच येतं.”

“गणित कोणाची भीडभाड ठेवतं का?”

चष्मेवाली हसली. इतकी मोकळी हसली, की पायऱ्या उतरताना मॅडम स्वतःवरच खूश होत्या.

त्यानंतर ती मुलगी वर्गात आधीसारखीच येत राहिली. दुसऱ्या सत्रात मात्र हळूहळू गैरहजर राहू लागली. मॅडमनी एकदोनदा हजेरी घेताना मान वर केली, पुढचं नाव घेतलं. मग एके दिवशी दुपारी ती स्टाफरूमच्या दाराशी उभी राहिली. चेहरा पार उतरलेला.

“मॅडम, परीक्षेला नाही बसता येणार. आई दवाखान्यात आहे.”

“काय झालं गं?”

“कॅन्सर. छातीचा. पसरलाय म्हणतात.” मुलीने चष्मा काढून ओढणीला पुसला. “मागे तिनं तपासणी केली होती, तिचा रिपोर्ट वाईट आला होता. डॉक्टर म्हणाले, आणखी एक तपासणी करू, तुकडा काढून बघू. आई घाबरली. मग मी तिला तुमचं उदाहरण समजावलं. कागदावर सगळे आकडे मांडून दाखवले. ती म्हणाली, तुझ्या मॅडम एवढ्या शिकलेल्या, त्या म्हणतात तर राहू दे ती कापाकापी.”

मॅडमनी समोरची उत्तरपत्रिका मिटली.

“माझंच चुकलं मॅडम. मी नीट समजूनच घेतलं नाही. माझं गणित कुठंतरी चुकलं असणार.”

तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंडाशी आलंही होतं. पण समोर फिजिक्सचे सर चहा पीत बसले होते, शिपाई आत-बाहेर करत होता, आणि मॅडमच्या तोंडून निघालं ते एवढंच, “परीक्षेचं बघू आपण. तू आईकडे बघ.”

मुलगी गेल्यावर फिजिक्सचे सर म्हणाले, “अहो, तुम्ही काय डॉक्टर आहात? उदाहरण ते उदाहरण. मनाला लावून घेऊ नका.”

मॅडमनी मान हलवली. पण उदाहरण कुठं संपतं, हे त्यांच्याइतकं त्या खोलीत कोणाला कळत नव्हतं. फळ्यावरचा हजारांतला माणूस हा कोणीही असतो, डोळे मिटून उचललेला. काही त्रास होतो म्हणून तपासायला गेलेली बाई त्या हजारांतली नसते. तिचं गणितच वेगळं. तेव्हा जिन्यात त्यांनी फक्त एवढंच विचारायचं होतं, तपासणी कशासाठी केली? आणि समजा त्रास नसताच, तरी बारांत एक म्हणजे शून्य थोडंच? बारा जणींत आपली आई असेल तर कोण स्वस्थ बसेल?

घरी मॅडम आणि त्यांची मोठी बहीण, दोघीच. ताईने ताट वाढलं. मॅडम नुसत्याच बसून राहिल्या.

“काय गं, तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखी?”

मॅडमनी सगळं सांगितलं. ताई एरवी धाकटीची बाजू घेण्यात कधी कमी पडत नसे. आज तिने एवढंच विचारलं,

“त्या पोरीला सांगितलंस का, की तिचं चुकलं नाही म्हणून?”

“नाही.”

“मग जेवून घे आणि सकाळी जा,” ताई म्हणाली. “उपाशी राहून काय प्रायश्चित्त होत नाही.”

दवाखान्यात खिडकीजवळच्या खाटेवर मुलीची आई उशाला टेकून बसली होती. बाई बारीक, पण बोटं जाड, काचा धरून धरून टोकं घट्ट झालेली. मुलगी औषधं आणायला खाली गेली होती.

“मी तिची संख्याशास्त्राची...”

“ओळखलं की. बसा.” बाईंनी पाय आक्रसून खाटेवरच जागा केली. “घरी रोज तुमचंच नाव असायचं.”

मॅडमनी उभ्यानेच सांगून टाकलं. पोरीचं गणित बरोबर होतं. आपण विचारायला हवं होतं, ते विचारलं नाही. घाई होती. तिच्या हातात काहीतरी आहे हे दिसलं होतं, तरी विचारलं नाही.

बाई खिडकीकडे बघत ऐकत होत्या. मग हलकेच म्हणाल्या, “गाठ हाताला लागत होती, मॅडम. पोरीला मी बोललेच नव्हते. दुकानातल्या सगळ्यांची तपासणी झाली, असं सांगितलं होतं. तिला तरी कसं कळणार?”

मॅडमच्या छातीवरचं ओझं क्षणभर उचललं गेलं. ते उचललं गेलं याचीच त्यांना लाज वाटली.

“म्हणजे तुम्हाला शंका होती?”

“होती ना. भीतीपण होती. कोणी तरी ‘काही नाही’ म्हणावं असं वाटत होतं, तुमच्या नावानं ते मिळालं.” त्या मॅडमकडे वळल्या. “पण तुम्ही तसं म्हणाला नसता, तर गेले असते. पोरीनं नेलंच असतं ओढून. आता या वेळी खोटं कशाला बोलू?”

“नका बोलू,” मॅडम म्हणाल्या.

“माझं राहू द्या. तिला तेवढं सांगा. रात्र रात्र जागते. झोपेतसुद्धा आकडेच बडबडते.”

मुलगी वर येताना बाहेरच्या व्हरांड्यात भेटली. हातात औषधांची पिशवी. मॅडमनी तिला तिथेच थांबवलं.

“तुझं गणित चुकलं नव्हतं. एक आकडाही चुकला नव्हता. चुकले ते मी. आईला काही त्रास होता का, एवढं मी तुला विचारायला हवं होतं, आणि मी खाली पळाले. काल तू स्वतःला दोष देत होतीस तेव्हाही मी गप्प बसले.”

मुलगी त्यांच्याकडे पाहत राहिली. चेहऱ्यावरची पहिली सुटका दिसते न दिसते तोच तिथं दुसरं काहीतरी आलं.

“रिपोर्टच होता माझ्या हातात,” ती म्हणाली. “तुम्ही विचाराल म्हणून मी थांबले होते.”

मॅडमनी तिच्या हातातली पिशवी घ्यायला हात पुढे केला.

“आईला औषध द्यायचंय,” म्हणून ती आत गेली.

उन्हाळा संपायच्या आत आई गेली. मॅडम आणि ताई दोघी भेटायला गेल्या. मुलीने पाणी दिलं, ताईशी बोलली. मॅडमशी बोलायचं टाळलं असंही नाही. विचारलं तेवढ्याचं उत्तर दिलं.

नव्या वर्षी तिने संख्याशास्त्र सोडून भाषा घेतली. इमारत तीच होती, त्यामुळे कधीतरी गाठ पडायचीच. एकदा वाचनालयाबाहेरच्या लांब बाकावर चार-पाच मुली डबे उघडून बसल्या होत्या. मॅडमना येताना पाहून सगळ्या रीतीप्रमाणे उठल्या. चष्मेवाली बसूनच होती. मॅडमना ते बरं वाटलं. निदान हा मान तरी आपल्याला नको. पण त्या जवळ पोचल्या तेव्हा तिने मांडीवरचा डबा बाजूला ठेवला, झाकण लावलं आणि तीही उठली. वर पाहिलं नाही. बाकीच्यांसारखी हात जोडून उभी राहिली.

मॅडम मान खाली घालून पुढे गेल्या. कोपऱ्यावर वळल्यावर त्यांना बाक करकरल्याचा आवाज आला. मुली पुन्हा जेवायला बसल्या होत्या.