वगळलेलं वाक्य

डॉ. महेश्वरी हत्तुरे व्यासपीठावरून उतरून लॅपटॉपची वायर गुंडाळत होत्या, तेवढ्यात एक वयस्क गृहस्थ समोर येऊन थेट त्यांच्या पायांशी वाकले. महेश्वरी चटकन मागे सरकल्या.

“अहो काका, हे काय करताय?”

“करू द्या म्याडम. मायाक्काकडनं हाय हे. माझी बायको.” ते सरळ उभे राहिले. अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, कपाळावर भस्माची फिकट रेघ. “मी वीरभद्रप्पा. एसटीच्या वर्कशॉपातनं रिटायर झालो. ती लई शांत गेली, म्याडम. तुमच्यामुळं.”

व्याख्यान ठरवणारी मानसशास्त्राची प्राध्यापिका दिपाली शेजारीच उभी होती. तिने फोटोसाठी मोबाइल वर धरला.

असे आभार महेश्वरींना नवे नव्हते. याच कॉलेजातून त्या बंगळुरूला गेल्या, भौतिकशास्त्रात डॉक्टरेट केली. अतिसूक्ष्म कंपनं मोजायची, गोंगाटातून खरा संकेत वेगळा काढायचा, हे त्यांचं काम. मग पाठीच्या मणक्याने त्यांना आठ महिने अंथरुणात ठेवलं. नस तीच, कळ तीच. तरी एक दिवस ती सोसवते आणि दुसऱ्या दिवशी नाही, हे कुठल्या यंत्राने मोजायचं? उत्तरासाठी छत्तिसाव्या वर्षी त्या विशीतल्या मुलांबरोबर मानसशास्त्राच्या वर्गात जाऊन बसल्या. जुने सहकारी हसले. पुढची पंधरा वर्षं त्यांनी ध्यान करणाऱ्या माणसांच्या वेदना मोजल्या. दुखण्याकडे न घाबरता पाहता आलं तर त्याचा जाच कमी होतो, हे त्यांनी आकड्यांनी दाखवून दिलं. यंत्रमागावर पाठ आणि गुडघे झिजवलेल्या माणसांसाठी त्यांनी स्वतःच्या आवाजात वीस मिनिटांचं मराठी ध्यान ध्वनिमुद्रित केलं. वर्षभरात ते सोलापुरात मोबाइलवरून घरोघरी पोचलं होतं.

“कॅन्सर होता का त्यांना?” त्यांनी हळू आवाजात विचारलं.

“न्हाय न्हाय. गुडघे तेवढे दुखायचे. गेल्या श्रावणात सकाळी छातीत दुखाय लागलं. कळ जबड्यापर्यंत येती म्हणाली. मग तिनं तुमचं लावलं. ते संपलं, तर परत लावलं. घामानं निथळत होती, पण हलली न्हाय की. ‘उठू नका, नुसतं बघा,’ असं तुमी म्हणता न्हाय का? अगदी तसंच.”

दिपालीचा मोबाइल खाली आला.

महेश्वरींना वाटलं, सभागृहातले पंखे कुणीतरी एकदम बंद केले. वीस आणि वीस, चाळीस मिनिटं. त्यांच्याच आधीच्या इंग्रजी ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीला एक वाक्य होतं : दुखणं नवीन असेल, किंवा छातीत असेल, तर हे ऐकत बसू नका, आधी दवाखान्यात जा. मराठीतही त्यांनी ते म्हटलं होतं. मग स्वतःच ऐकलं आणि स्वतःच काढून टाकलं. त्या संथ आवाजात ते एवढंच वाक्य दचकवत होतं.

वीरभद्रप्पा हसऱ्या चेहऱ्याने त्यांच्याकडे पाहत होते. काही न बोलता नमस्कार केला असता, तर ते तसेच हसत घरी गेले असते. महेश्वरींचे हात जोडलेही गेले होते.

“आता माझी बहीण, गंगम्मा,” ते सांगू लागले. “तिलाबी चार दिवस झाले छाती भरून येती. म्हटलं, हेच लाव. आज सकाळपास्नं दोनदा लावलंय तिनं.”

“आत्ता कुठे आहेत त्या?”

“घरीच की. तिची सून हाय जवळ.”

“फोन लावा. ते बंद करायला सांगा. लगेच!” महेश्वरींचा आवाज एवढा चढला की दारापर्यंत पोचलेली मुलं वळून बघू लागली. “दिपाली, गाडी काढ.”

गाडीत वीरभद्रप्पांनी सुनेला फोन केला आणि मग विचारलं, “म्याडम, काय झालं?”

“छातीतलं दुखणं बघत बसायचं नसतं, काका. हृदयाचं असू शकतं ते. हे मी त्यात सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.”

ते त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मान खिडकीकडे वळवली. सात रस्त्याच्या सिग्नलला गाडी थांबली, सुटली.

गंगम्मा खाटेवर बसल्या होत्या. ओठ पांढरे पडले होते. त्यांना तसंच उचलून दवाखान्यात नेलं. ईसीजीची पट्टी पाहताच त्यांना आत घेतलं. तासाभराने एक तरुण डॉक्टर बाहेर आला.

“अ‍ॅटॅक मोठा होता,” तो म्हणाला. “पण वेळेत आणलंत.”

तो गेला. सून देवाला हात जोडून रडू लागली. बाकावर वीरभद्रप्पा आणि महेश्वरी शेजारी शेजारी बसले होते.

“म्हंजी,” वीरभद्रप्पा म्हणाले, “मायाक्काबी...?”

तपासणी झालीच नव्हती, तेव्हा आता सांगता येणार नाही, असं म्हणता आलं असतं. ते शास्त्राला धरूनही झालं असतं.

“हो, काका,” महेश्वरी म्हणाल्या. “कदाचित वाचल्या असत्या.”

वीरभद्रप्पांनी मान हलवली, जणू कुणी पत्ता सांगत होतं आणि तो त्यांना समजला होता.

“शेजारची सायराबानू आल्ती त्या दिवशी दारात. रिक्षा आणू का, म्हणाली. मी तोंडावर बोट ठेवलं. हातानंच तिला जा म्हटलं.” त्यांनी तो हात उताणा मांडीवर ठेवला. “मायाक्कानं डोळं उघडलं होतं तवा. माझ्याकडं बघितलं. मग परत मिटलं.”

आतून नर्सने हाक मारली, “गंगम्माबरोबर कोण आहे?” महेश्वरी उठू लागल्या, तशी वीरभद्रप्पांनी त्यांची बाही धरली. दिपाली पुढे झाली आणि सुनेला घेऊन आत गेली.

“तुमी बसा हितंच,” ते म्हणाले. “हे दुसऱ्या कुणाला सांगता यायचं न्हाय मला.”

महेश्वरी खाली बसल्या.