शून्यावर पडणारा काटा

ड्रायव्हरकाकांनी दातओठ खात स्टिअरिंग उजवीकडे ओढलं, तरी गाडी काही गॅरेजच्या फाटकातून नीट वळेना. एकदा मागे, पुन्हा पुढे, पुन्हा मागे. मागचा टेम्पोवाला हॉर्नवर हात ठेवूनच बसला होता. तिसऱ्या खेपेला गाडी एकदाची आत आली आणि काकांनी कपाळावरचा घाम पुसला. एकतीस वर्षं बस चालवलेल्या माणसावर ही वेळ यावी!

“विकायचीय,” ते मिस्त्रीला म्हणाले. “उद्या गिऱ्हाईक येतंय. एकदा नजरेखालून घाल.”

“का हो काका? चांगली ठणठणीत तर आहे.”

“ती आहे रे ठणठणीत. माझ्याच हातात जोर राहिला नाही.”

हे बोलताना त्यांना लाज वाटली. तीन महिन्यांपूर्वी इमारतीच्या खांबाला गाडी घासली तेव्हाही अशीच वाटली होती. त्या दिवशी लेकीनेच येऊन गाडी जागेवर लावली आणि तेव्हापासून ती दर रविवारी स्वतःची गाडी घेऊन येऊ लागली. बाजारहाट करायची, दोघांचा स्वयंपाक करायची, संध्याकाळी जायची. त्याआधी तिचं तोंड चार-सहा महिन्यांतून एकदा दिसायचं. उरलेले सहा दिवस काका टीव्हीतल्या माणसांशी भांडून काढत. गाडी विकतोय हे त्यांनी तिला अजून सांगितलं नव्हतं. ती कधी नव्हे ते रडली असती आणि मग त्यांनाही रडू आलं असतं.

मिस्त्री एक चक्कर मारून आला.

“काका, वेगाचा काटा बघितलात का? गाडी पळतेय आणि हा शून्यावर झोपलेला.”

“काट्याकडे बघून गाडी कोण चालवतं? आमच्या बसचे काटे वर्षानुवर्षं मेलेलेच असायचे. इंजिनाच्या आवाजावरून कळतं सगळं.”

“आणि हा पिवळा दिवा?”

“दिवे काय, पेटतातच.”

मिस्त्रीने कपाळावर हात मारला. “अहो, वेगाचा सेन्सर गेलाय. गाडी किती जोरात चाललीय, हे स्टिअरिंगला तोच सांगतो. हळू असली की स्टिअरिंग हलकं होतं, वळवायला सोपं जावं म्हणून. जोरात असली की जड होतं, गाडी भरकटू नये म्हणून. आता त्याला काही कळेनासंच झालंय, म्हणून ते कायमचं जड होऊन बसलंय. तुमच्या हातांना काय धाड भरलीय!”

पॉवर स्टिअरिंग नसलेल्या बसवर काकांचा जन्म गेला होता. स्टिअरिंग जड लागलं तर दोष गाडीत असेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

तासाभरात नवा सेन्सर बसला. मिस्त्रीने समोरच्या मैदानाला एक फेरी मारली आणि गाडी काकांच्या हातात दिली. काकांनी फाटकापाशी हळूच स्टिअरिंग फिरवलं. एका हाताने. मग दोन बोटांनी.

“अरे! अरे लेका!” ते लहान पोरासारखे हसले.

“ताईंना मी तेव्हाच म्हटलं होतं,” मिस्त्री खिडकीशी येऊन म्हणाला.

“कुठल्या ताईंना?”

“तुमच्याच. दोन महिने झाले की. स्वतःची गाडी घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, बाबांची गाडी जड लागते, काटाही मध्येच पडतो. मी म्हटलं, सेन्सर असेल, घेऊन या. तर म्हणाल्या, राहू दे, बघू नंतर.”

काकांचं डोकं सणकलं. दोन महिने! दोन महिने आपण ताकदीच्या गोळ्या गिळतोय, रात्र रात्र छताकडे बघत संपलो संपलो म्हणतोय, आणि ही गप्प! बापाला घरात कोंडायचं होतं तर तोंडावर सांगायचं. त्यांनी तिथेच फोन लावला. पहिल्याच रिंगला तिने उचलला.

“बाबा? आज मंगळवारी कसा काय फोन? बरे आहात ना?”

शिव्या जिभेवर आल्या होत्या. पण तिच्या मागे कसलाच आवाज नव्हता. पूर्वी तिला फोन केला की जावयाच्या टीव्हीवरच्या बातम्या आणि नातीचा दंगा यातून तिचं बोलणं शोधावं लागे. नात शिकायला लांब गेली. जावई वर्षापूर्वी वेगळा राहायला गेला. विचारलं की ती ‘मजेत’ म्हणे, आणि ‘मजेत’ म्हटल्यावर बापाने पुढे काय विचारायचं?

“काय करतेयस?” काकांनी विचारलं.

“काही नाही. बसलेय.” मग थोडं थांबून, “रविवारी तुमच्याकडे काय करावं, त्याचाच विचार करत होते.”

रविवारला अजून पाच दिवस होते.

“हात कसा आहे, बाबा?” तिने अगदी हळू विचारलं.

मिस्त्री फडक्याला हात पुसत समोरच उभा होता. काकांनी त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं.

“कसला कसा? पाण्याची बादलीसुद्धा उचलवत नाही,” ते म्हणाले. “रविवारी जरा लवकरच ये.”