शेरा: निर्जन

पेट्रोल पंपामागच्या झुडपात तिने चौथ्यांदा खुंटी ठोकली, टेप ताणली आणि आकडा वहीत लिहिला. पंपावरचा माणूस बघत उभा होता.

"सापडलं का हो घर?"

"अजून नाही."

"मागच्या रविवारी टायरच्या दुकानाशी शोधत होतात. असंच चाललं तर घर गावाबाहेर जाईल."

तिला हसू आलं नाही. उद्या तिच्या संग्रहालयाची पाटी लागायची होती: 'येथे गोट्यांचे घर होते.' नदीतले वाटोळे गोटे चुन्यात बसवून बांधलेलं दीडशे वर्षांचं घर रस्त्याच्या कामात पाडलं, एवढं सगळ्यांना माहीत होतं. नेमकं कुठे, ते फक्त चाळीस वर्षांपूर्वीच्या मोजणीच्या कागदावर. पाण्याची टाकी, मैलाचा दगड, शाळेचा कोपरा; तिन्हींपासून घराच्या तीन कोपऱ्यांची अंतरं त्यात दिली होती. एकेका कोपऱ्यासाठी तीन वर्तुळं काढली की ती एका बिंदूत मिळायला हवीत. मिळत नव्हती. मधल्या जागेत अख्खा पंप मावत होता.

टेप गुंडाळून ती थेट मामांकडे गेली. मामांचा जन्म मोजणी खात्यात गेला होता. टेप कशी धरायची ते तिला त्यांनीच शिकवलं होतं.

"आल्या सायंटिस्ट बाई," मामी म्हणाली. "आता उडेल यांची झोप. माझी हाक ऐकू येत नाही, कागद फडफडला की बरोबर ऐकू येतं."

मामांनी हसत चष्मा लावला. कागद पाहिला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"जुना कागद आकसतो. फार विसंबू नकोस."

"कागद आकसला तरी आकडे तेच राहतात ना, मामा? मोजणी खात्याच्या गठ्ठ्यातल्या बाकी कागदांवर बेचाळीस पॉइंट सदतीस, अठरा पॉइंट एकोणीस असले आकडे आहेत. यावरचे नऊच्या नऊ शून्यावर नाहीतर पाचावर संपतात. खरं मोजलं तर असं होत नाही. लिहिणारा जागेवर गेलाच नाही."

"मग काय स्वप्नात मोजलं?" मामी म्हणाली.

मामा उठले. त्यांनी खिडकी उघडली, लावली, पुन्हा उघडली.

तिने त्या घराचा एक जुना फोटो टेबलावर ठेवला. "कागदावर शेरा काय आहे? 'पडीक, निर्जन.' आणि हा फोटो त्याच महिन्यातला, मागे तारीख आहे. दोरीवर कपडे वाळताहेत. लहान मुलीचे फ्रॉकसुद्धा. निर्जन म्हटल्यावर कोणाला विचारायचंच नाही. पाडून मोकळे."

"ओढ्याला पाणी होतं," मामा खिडकीबाहेर बघत म्हणाले.

ओढ्याचं नाव तिने काढलं नव्हतं. कागदावरही ओढा नव्हता. तो केव्हाच रस्त्याखालच्या नळात गेला होता. मामीने एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि ती आत निघून गेली.

"चार दिवस थांबलो. पाणी उतरेना, साहेबांचा रोज निरोप. अलीकडूनच बघितलं. कौलं उडालेली दिसली." ते थांबले. "नंतर गेलो होतो एकदा. तेव्हा नुसते गोटे."

"कुठे?"

स्वतःचा आवाज तिला परका वाटला. मामांनी चपला पायात सरकवल्या.

पंपासमोरचा रस्ता त्यांनी न थांबता ओलांडला. एका गाडीने हॉर्न दिला, तरी त्यांनी वळून पाहिलं नाही. बसथांब्याच्या खांबापाशी ते थांबले.

"हा उंबरा. मागे तिकडे, त्या टपरीपर्यंत."

त्यांना इतकं नेमकं कसं माहीत, हे तिने विचारलं नाही. बाकावर बसून तिने पिशवीतून संग्रहालयाचा तक्ता काढला. घराची जागा लिहिली. 'जुनी नोंद चुकीची' असंही लिहिलं. पुढचा रकाना होता, 'मूळ मोजणी कोणाची'. तिथे ती जरा अडखळली, मग घाईने लिहून गेली: माहीत नाही.

मामा तिच्या खांद्यावरून वाचत होते.

"ते खोड."

"मामा, चाळीस वर्षं झाली. आता कोण विचारतंय?"

"नाव लिही. पुढे हुद्दाही."

तिने पेनाला टोपण लावलं आणि तक्ता मांडीवर पालथा घातला. बस आली, दोन माणसं उतरली, बस गेली.

मामा तिच्या शेजारी बसले. त्यांनी तक्ता हळूच सुलटा केला आणि पेनासाठी हात पुढे धरला.